लाथेला टिकेल असं कॅबिनेट

हे मी लिहिणारच नव्हतो. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. माझ्याकडे लोक येतात ते विचारायला, की दादा एवढ्या पैशात कुठला प्रोसेसर घेऊ, कार्ड जुनं घेतलं तर चालेल का. त्याची उत्तरं मी झोपेतही देतो. हे तसलं नाही. हे एका घरातलं आहे आणि ते घर माझं नाही. पण ज्याचं आहे तोच म्हणाला, लिही. उद्या दुसरा कोणी असल्या घरासाठी मशीन बांधायला बसला तर त्याला कॅबिनेटचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या बाहेरच्या खोक्याचं, तरी कळेल. म्हणून लिहितोय. सलग जमणार नाही, जसं आठवेल तसं.

तर माझा मित्र. त्याला आम्ही टाचणी म्हणतो. अंगानं बारीक आणि बोलला की टोचतो. एका फर्निचरवाल्याकडे कामाला होता. गिऱ्हाईकाला स्वयंपाकघर बनवून हवं असलं की आधी ते कॉम्प्युटरवर काढून दाखवायचं. ओटा कुठे, कपाटं कुठे, दिवा लावल्यावर कसं दिसेल. टाचणी ते असं काढायचा की एक बाई चित्रातलं कपाट उघडायला हात पुढे करून बसल्या होत्या. फर्निचरवाला खूश. तोच म्हणाला, स्वतःचं मशीन घे आणि घरून कर, मला चित्राशी मतलब.

टाचणी त्याच संध्याकाळी माझ्याकडे आला. बजेट असं, की तेवढ्यात लोक नुसतं ग्राफिक्स कार्ड घेतात आणि वर त्याला नावं ठेवतात. मी म्हटलं ठीक आहे, जुना माल बघू. मग त्याच्या अटी सुरू झाल्या. आवाज नको. दिवे नकोत. काच तर अजिबात नको. मला बरं वाटलं, कारण हल्ली जो येतो त्याला आधी लग्नाच्या मांडवासारखी रोषणाई पाहिजे असते.

मग त्यानं विचारलं, "लाथ बसली तर आधी काय मोडतं?"

मी म्हटलं, तुला कॉम्प्युटर पाहिजे का तिजोरी?

"तिजोरीत काम होत असेल तर तिजोरी दे," तो म्हणाला. हसला नाही.

आवाज का नको, ते त्यानं सांगितलं. वडील छापखान्यात रात्रपाळीला, दिवसा झोपतात. लाथेचं काही सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मला वाटलं, जागा लहान असेल, येता-जाता पाय लागत असेल.

मी कुठला कोर्स केलेला नाही हे सांगून ठेवतो. मेलेली मशिनं उघडत उघडत शिकलो. त्यामुळे मला एक वाईट खोड आहे. माणूस काय म्हणतोय त्यापेक्षा त्याला कुठला मदरबोर्ड बसेल तेच डोक्यात फिरत असतं.

जुना माल घ्यायला आम्ही गॅरंटीकडे गेलो. तळघरात त्याचं दुकान आहे. त्याला सगळे गॅरंटी म्हणतात कारण तो कशाचीच देत नाही. काउंटर काचेचा, वर स्क्रू ड्रायव्हर, कटर, सोल्डरिंगची गन, अर्धा प्यालेला चहा, सगळं एकत्र. मी प्रोसेसर भिंगाखाली धरून पिना बघत होतो. टाचणी माझ्या शेजारी. तेवढ्यात एक दांडगा माणूस जिना उतरून आला आणि त्यानं एक ग्राफिक्स कार्ड काउंटरवर आपटलं.

कार्ड मेलं होतं. ते गॅरंटीनं घरातलं, हलकं वापरलेलं म्हणून त्याला विकलं होतं. खरं तर ते कुठल्या तरी शेडमध्ये ती डिजिटल नाणी काढायला नोटा छापल्यासारखं रात्रंदिवस पळवलेलं होतं. पंख्याच्या पात्यांवर काळी चिकट धूळ मला लांबूनच दिसत होती. गॅरंटी म्हणाला, घेताना डोळे घरी ठेवले होते का. एवढंच म्हणाला. त्या माणसानं त्याचे केस धरले आणि तोंड काउंटरवर आपटलं. काच तडकली. परत आपटलं. या वेळी काचेच्या जागी नाकाचा आवाज आला, तो वेगळा असतो, एकदा ऐकला की कळतं.

दुकानात जे होते ते सगळे मागे सरकले. मीही सरकलो. हातातला प्रोसेसर छातीशी धरला होता, लेकरासारखा.

टाचणी पुढे झाला. भांडण सोडवायला नाही. त्यानं आधी कटर उचलला. मग स्क्रू ड्रायव्हर. मग तापलेल्या सोल्डरिंग गनचा प्लग काढून ती खाली ठेवली, चहाचा ग्लास उचलून मागच्या फळीवर ठेवला, तडकलेल्या काचेचा एक लांब तुकडा सुटत होता तो अलगद काढून घेतला. सगळं शर्टाच्या ओच्यात घेऊन भिंतीला टेकून उभा राहिला. घाई नाही. वाळत घातलेले कपडे काढावेत तसं. त्या दांडग्यानं खरंच काही शोधायला काउंटरवर हात फिरवला, तर हाताला काहीच लागलं नाही. मग त्यानं नुसत्या बुक्क्या मारल्या, दमला, कार्ड गॅरंटीच्या अंगावर फेकलं आणि गेला.

गॅरंटी नाकाला फडकं लावून उठला. वरचा ओठ फाटला होता. मी म्हटलं, दवाखान्यात चल. तो म्हणाला, आधी हा प्रोसेसर घेतोस का ते सांग, भाव मगाशी बोललो तोच, रक्ताचं वेगळं लावत नाही.

बाहेर पायऱ्यांवर आलो तेव्हा मी टाचणीला विचारलं, तुला हे कसं सुचलं. तो म्हणाला, यात सुचायचं काय असतं. आधी धारेचं उचलायचं, मग तापलेलं, मग काच.

हे असं कोणी शिकवत नाही. हे जिथे शिकतात ते ठिकाण एकच असतं. त्याचा डाव्या हाताचा अंगठा वाकडा आहे. मी इतकी वर्षं दारात सापडला असेल असं धरून चाललो होतो.

मग त्यानं सांगितलं. रडत वगैरे नाही, चपलेतला खडा काढता काढता. वडील सकाळी घरी येतात, जेवतात, झोपतात. मध्ये उठले की कारण लागत नाही. नळ, दार, शेजारचा रेडिओ, काहीही. टाचणी कामावर असला की आईला मारतात. तो घरी असला की त्याला मारतात. "मी घरी असलो की आईला हात लावत नाही तो. दमतो माझ्यावरच." म्हणून त्याला घरून काम पाहिजे होतं. बस, एवढंच. फर्निचरवाल्याकडे बसला तर पैसा आहे पण आई एकटी. घरी बसला तर आई वाचते पण खायचं काय. मशीन आलं की दोन्ही साधणार होतं.

मी म्हटलं, आईला घेऊन निघ ना तिथून. तो म्हणाला, तूच विचार तिला. मी विचारून दमलो. ती म्हणते, ह्यांना दिवसा जेवायला कोण घालणार.

मग मी सगळे पार्ट पुन्हा काढले. पहिली निवड एका मशीनसाठी होती. आता एका घरासाठी करायची होती.

गोल फिरणारी हार्ड डिस्क रद्द. चालू असताना धक्का बसला की तिची सुई तबकडीवर घासते आणि सगळं काम गेलं. त्याऐवजी छोटी एसएसडी, थेट मदरबोर्डवर स्क्रूनं आवळायची, तिला फिरायचंच नाही. प्रोसेसर गार ठेवणाऱ्या कूलरनं डोकं खाल्लं. आवाज नको असेल तर मोठा उंच कूलर लागतो, पण तो बोर्डावर लोंबतो विटेसारखा. बाहेरून लाथ बसली की आत बोर्डच मुळासकट उपटतो. म्हणून बुटका कूलर घेतला, आणि तापू नये म्हणून प्रोसेसरच कमी वीज खाणारा घेतला. थोडा हळू. टाचणी म्हणाला, हळू चालेल, मला कुठे गाडी पकडायची आहे. कार्ड एका पंख्याचं, आखूड, आणि त्याला कॅबिनेटशी लोखंडी पट्टीनं बांधून टाकलं.

उरलं कॅबिनेट. नवीन कॅबिनेट आज सगळी पोलादाची नसून बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याची असतात. गॅरंटीनंच एक जुनं काढलं, कुठल्यातरी बंद पडलेल्या ऑफिसातलं. जाड पोलाद, रंग राखाडी, दिसायला जेलरसारखं. उचलताना माझ्या कमरेत उसण भरली. गॅरंटी नाकात कापूस घालून म्हणाला, याची मात्र देतो. आम्ही दोघंही बघत राहिलो त्याच्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा दिली.

ते रिकामं कॅबिनेट आम्ही माझ्या घरी आणलं. आत काही भरण्याआधी तपासायला पाहिजे, हे माझंच डोकं. टाचणीला म्हटलं, मार लाथ. त्यानं उगाच पायानं ढकललं. मी म्हटलं, अशी नाही. तुझे बाबा मारतात तशी.

त्यानं चपला काढल्या आणि भिंतीला सरळ लावून ठेवल्या. डावा हात दाराच्या चौकटीला लावला, मान एका बाजूला कलवली. तो टाचणी राहिलाच नाही. खांदे रुंद झाले त्याचे, देवाशपथ. म्हणाला, "कोण आहे रे तिकडे?" आवाज मऊ, अगदी जेवायला बोलावल्यासारखा. आणि टाच मारली.

कॅबिनेट भिंतीपर्यंत सरकलं, पण पत्रा दबला नाही. मी म्हटलं, वा. त्यानं परत मारली. मी म्हटलं, बास, कळलं. त्यानं परत मारली. मग मोजायचं राहिलं. कॅबिनेट आडवं झालं तर वरून मारायला लागला. तोंडानं काहीतरी पुटपुटत होता. शब्द लागत नव्हते, चाल लागत होती. मी हात धरायला गेलो तर कोपर माझ्या दाताला लागलं. तोंडात रक्ताची चव आली.

स्वयंपाकघरातून आमच्या मातोश्री पळत आल्या. कोण मेलं म्हणून विचारलं. तो थांबला. माझ्या आईला म्हणाला, काही नाही काकू, कॅबिनेट चेक करतोय. आई म्हणाली, विकत घ्यायच्या आधी तपासतात रे बाळांनो. आणि माझ्या ओठाकडे बघत आत गेली.

टाचणीनं चपला घातल्या. पाय सुजायला लागला होता. म्हणाला, चांगलं आहे, हेच ठेवू.

मशीन बांधलं, त्याच्या घरी बसवलं. एक खोली आणि स्वयंपाकघर. खोलीत वडिलांची खाट, मधे पडदा, पडद्याच्या अलीकडे याचं टेबल. मी गेलो तेव्हा ते झोपलेले होते. पडद्यापलीकडे फक्त घोरणं. आम्ही तिघं, मी, टाचणी आणि त्याची आई, म्हणजे काकू, हातवारे करून बोलत होतो. टाचणीनं बटण दाबलं आणि काहीच ऐकू आलं नाही. मॉनिटर उजळला आणि काकूंनी तोंडावर पदर धरला. खूश झाल्या होत्या, आवाज न करता.

पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर मांडणीच्या अगदी कडेला टवके उडालेले कप ठेवलेले, अर्धे हवेत. मी शहाणपणा केला, आत सरकवले. काकूंनी माझ्यादेखत ते परत कडेला आणले. मला वाटलं, असते एकेकाची सवय.

मग काम छान चाललं. टाचणी पडद्याआड बसून लोकांची स्वयंपाकघरं काढत होता. मार चालूच होता, तो सांगायचा, पण हिशेबात होता. पाठ, दंड. कॅबिनेटला कोणी हात लावला नव्हता. फर्निचरवाल्यानं मोठं काम दिलं, एका अख्ख्या इमारतीतली सगळी घरं. मशीन अडखळायला लागलं, म्हणून मी दुपारी रॅमची आणखी एक पट्टी घेऊन गेलो.

पट्टी बसवली, झाकण लावलं, शेवटचा स्क्रू आवळला. आणि वीज गेली. आमच्यामुळे नाही, सगळ्या गल्लीची गेली. पण छताचा पंखा थांबला, आणि पडद्यापलीकडचं घोरणं थांबलं.

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. टाचणीनं माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला आणि खिडकीबाहेर टाकला.

टाचणीचे वडील, म्हणजे काका, पडदा सारून आले. गालावर उशीच्या चुण्या, गंजी घामानं भिजलेली. माणूस म्हणून बघाल तर चांगला दिसणारा. मला बघून म्हणाले, तू होय, आईवडील बरे आहेत ना. मी म्हटलं, हो काका. ते म्हणाले, तू बाहेर बस जरा बाळा. मी हललो नाही. शौर्य नाही, पाय हलले नाहीत.

"या डब्यानं फ्यूज उडवला," ते म्हणाले. टाचणी म्हणाला, बाबा, सगळ्यांकडची गेली आहे. काकांनी चौकटीला डावा हात लावला.

खरं सांगतो. पहिली लाथ बसली तेव्हा मला आनंद झाला. दुसरीलाही झाला. पोलाद घुमलं, सरकलं, आणि काही नाही. कूलर, कार्ड, बोर्ड, सगळं आत घट्ट बसलेलं मला डोळ्यांपुढे दिसत होतं. मी मनात म्हणत होतो, मारा काका, मारा.

तिसरीनंतर मला टाचणीचं तोंड दिसलं. तो मशीनकडे बघत नव्हता, वडिलांकडे बघत होता, आणि त्याला काहीतरी कळलं होतं जे मला कळलेलं नव्हतं. काकूंना त्याच्याही आधी कळलं. त्यांनी मांडणीवरचा एक कप ढकलला. फरशीवर फुटला. मग दुसरा ढकलला.

काकांनी वळून तुकड्यांकडे बघितलं. म्हणाले, "ते तू फोडलंस. मी नाही."

आणि परत मशीनकडे वळले. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. या घरात काहीतरी फुटलं की काका थांबत. कप, आरसा, रेडिओ, अंगठा. त्यांच्या हातानं काही मोडलं की संपायचं, जाऊन झोपायचे. काकू वर्षानुवर्षं कप कडेला ठेवत आल्या होत्या ते यासाठी. आणि आम्ही दोन दीडशहाण्यांनी बाजार पालथा घालून घरात न मोडणारी वस्तू आणून ठेवली होती.

ते मारत राहिले. अनवाणी. मग एक लाथ तिरकी बसली, कोपऱ्यावर, आणि मोडलं. कॅबिनेट नाही, त्यांचा पाय. ओला फाटा मोडल्यासारखा आवाज आला. दोन बोटं भलतीकडेच वळली. मला वाटलं, आता खाली बसतील. बसले नाहीत. त्यांनी मागच्या वायरी हिसकल्या, ते धूड दोन्ही हातांनी उचललं, जे मला वाकून उचलता येत नव्हतं ते डोक्याच्या वर नेलं, आणि काकूंच्या दिशेनं फेकलं.

टाचणी मध्ये गेला. हात पुढे करून, चेंडू अडवावा तसा. कोपरा त्याच्या उजव्या मनगटावर आला आणि मनगट भिंतीवर. तो ओरडला नाही. काकूही नाही. त्या घरात कोणी ओरडत नाही, ओरडल्यानं वाढतं. ओरडलो तो मी.

काका त्या पायावर उभे राहू शकले नाहीत. पडले, पडल्या पडल्या टाचणीचा घोटा धरला, त्यालाही पाडलं, त्याच्या मोडलेल्या हातावर गुडघा दाबला. आता मात्र मी गेलो. मागून गंजीला धरून ओढलं. त्यांचं डोकं माझ्या हनुवटीवर आपटलं, दोघं उताणे झालो, मी कसाबसा सुटून त्यांच्या मांड्यांवर बसलो आणि पाय धरून ठेवले. मोडलेलं पाऊल माझ्या हातात गरम लागत होतं. मी तिथंच दाबलं. मुद्दाम.

मान वर केली तर टाचणी उभा होता. उजवा हात लोंबत होता. डाव्या हातानं आणि गुडघ्यानं त्यानं कॅबिनेट छातीपर्यंत आणलं होतं. मग खांद्यापर्यंत. तो वडिलांच्या डोक्याशी उभा होता, मान एका बाजूला कलवून.

मी पाय सोडले नाहीत. हे मी इथे लिहितोय. मी अजून घट्ट धरले.

काका खालून बघत होते. हसल्यासारखे. म्हणाले, "टाक."

टाचणीचा दंड थरथरायला लागला. वजन तेवढं होतं. काकू फुटलेल्या कपांवरून चालत आल्या, पाय कापले त्यांचे, फरशीवर ठिपके उमटले. त्या नवऱ्याच्या अंगावर पडल्या नाहीत, मुलाच्या पायाही पडल्या नाहीत. त्याच्या कानाशी जाऊन हळू आवाजात म्हणाल्या, "त्यात तुझं काम आहे. सगळ्या इमारतीचं."

तो तसाच उभा राहिला. मग गुडघे वाकवले, आणि काकूंनी एका बाजूनं हात लावला, आणि दोघांनी ते खाली ठेवलं. आदळलं नाही. सरळ, चारी पायांवर, वायरींची बाजू भिंतीकडे.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी काकांना विचारलं, काय झालं. ते म्हणाले, पायावर कॉम्प्युटर पडला. मग टाचणीला विचारलं. हातावर कॉम्प्युटर पडला. बाईंनी माझ्या हनुवटीकडे बघितलं, काकूंच्या पायांकडे बघितलं, म्हणाल्या, एकच का? काका म्हणाले, "जड आहे." त्या म्हणाल्या, घरात बाकी कोणी राहिलंय का, त्यांनाही घेऊन या. मग पेन खाली ठेवून काकूंना म्हणाल्या, तुम्हाला वेगळं काही सांगायचंय का. काकूंनी मानेनंच नाही म्हटलं.

बाकावर काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या, पायाला पट्ट्या. मला म्हणाल्या, मशीन चांगलं दिलंस रे. जरा फुटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. तक्रार नव्हती त्यात. बाईमाणसानं भाजीत मीठ कमी आहे सांगावं तसं सांगितलं. मला त्या दिवशी जे लागलं त्यात हे सगळ्यात जास्त लागलं.

मशीन पहिल्या दाबाला सुरू झालं. नुसती एक कड वाकली आहे. गॅरंटीला सांगितलं तर तो म्हणाला, बघ, दिली होती ना, आणि मग मी बाकीचं सांगितल्यावर भिंग पुसायला लागला.

आता तिथे असं आहे. काका खाटेवर, पाय उशीवर. कामाला जाता येत नाही, त्यामुळे दिवसाही तिथे आणि रात्रीही तिथे. झोपत नाहीत. पडदा काढून टाकलाय, त्यांना वारा लागत नव्हता. टाचणी टेबलाशी, उजवा हात गळ्यात, डाव्या हातानं माउस. आधी रेषा वाकड्या यायच्या, आता बऱ्या येतात. काका त्याच्या पाठीकडे बघत असतात. काकू दोघांना भरवतात. मारामारी बंद आहे, कारण मारायला कोणाकडे पूर्ण अवयव नाहीत. हे टाचणीचं वाक्य, माझं नाही.

परवा त्यानं मला जिन्यात गाठलं. मी म्हटलं, नवीन कॅबिनेट आणतो, पातळ पत्र्याचं, मोडणारं. तो म्हणाला, नको. आता त्याला मोडायला माणूस पाहिजे, ते त्याला कळलंय. कप राहिले बाजूला.

मग म्हणाला, दोघांचं प्लास्टर एकाच आठवड्यात निघणार आहे.

मी म्हटलं, आता तरी बाहेर पडा दोघं, माझ्याकडे या, आई नाही म्हणणार नाही. तो म्हणाला, आईला मी रोज विचारतो. कधीतरी हो म्हणेल. तोपर्यंत तुझ्याकडून एक पाहिजे.

"काय?"

"परत माझ्या हातात काही आलं, आणि तो खाली असला, तर तू मला धर. त्याचे पाय नको. मला."

त्याला दिसलं होतं तर. मी किती घट्ट धरले होते ते.

मी म्हटलं, अरे मी तुला धरून बसलो आणि तो उठला तर? त्याला कोण धरणार?

"त्याची आम्हाला सवय आहे," टाचणी म्हणाला. "माझी कोणालाच नाही. मलाही नाही."

वरून काकूंनी हाक मारली, जेवण वाढलंय म्हणून. तो जागचा हलला नाही.

मी त्याला म्हटलं, प्लास्टर निघायच्या दिवसापासून मी माझी हत्यारपेटी घेऊन तुझ्याकडेच बसणार. लोकांची मशिनं तिथेच उघडीन, काकांच्या समोर. आणि वेळ आली तर तुलाच धरीन, आधी तुला, दात पडले तरी सोडणार नाही. शब्द देतो.